परदेशच्या कारखान्यांतील उमेदवारी

‘उमेदवारी’ हा शब्द हल्लीं निवडणुकीच्या गडबडींतच अधिक ऐकूं येतो. परंतु पूर्वीं त्याचा एक दुसरा, अधिक कष्टाचा अर्थ घरोघर परिचयाचा होता. कचेरींत कारकून व्हावयाचें असो, छापखान्यांत जुळारी व्हावयाचें असो, कीं गिरणींत मिस्त्री व्हावयाचें असो, त्या माणसानें आधीं कांहीं महिने बिनपगारी किंवा अल्प वेतनावर जाणत्याच्या हाताखालीं राबावयाचें, यालाच उमेदवारी म्हणत. इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यानें परदेशच्या कारखान्यांत सहा महिने किंवा वर्षभर काम करणें, ज्यास आज ‘इंटर्नशिप’ म्हणतात, ती याच जुन्या झाडाची नवी फांदी होय.

सोलापूरसारख्या शहरांतूनहि आतां मुलगे व मुली अशा उमेदवारीसाठीं जर्मनीस, जपानास, अमेरिकेस जाऊं लागल्या आहेत. त्यापायीं कोठें घर गहाण पडतें, कोठें आईचे दागिने मोडतात, कोठें बँकेचें कर्ज दहा वर्षें फेडावें लागतें. एवढें करून घरीं काय येतें? बहुतेक ठिकाणीं उत्तर मिळतें तें असें कीं, मोठमोठीं यंत्रें पाहावयास मिळालीं, दाखला मिळाला, आणि तेथेंच नोकरी लागण्याचा संभव आहे. हीं तिन्ही उत्तरें खोटीं नाहींत. परंतु यंत्र चित्रांतहि पाहतां येतें, दाखला भिंतीवर टांगला कीं त्याचें काम संपतें, आणि तेथली नोकरी हें त्या घराचें भाग्य असलें तरी विद्येचें माप नव्हे. परदेशच्या कारखान्यांत असें कांहीं तरी शिकावयास मिळालें पाहिजे, कीं जें पुस्तकांत सांपडत नाहीं, पेटींत भरून आणतां येत नाहीं, आणि आपल्या मातींत रुजवितां मात्र येतें. तें नेमकें काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

शिकण्यासाठीं परक्या देशीं मजुरी करणें यांत कमीपणा नाहीं, हें इतिहासच सांगतो. रशियाचा बादशहा पीटर हा १६९७ सालीं हॉलंडांत जाऊन गोदींत सुताराचें काम करीत होता. आपल्याकडचें उदाहरण मुंबईचें आहे. वाडिया घराण्यानें मुंबईच्या गोदींत बांधलेलीं सागवानी जहाजें जगभर नांवाजलेलीं होतीं. त्यांपैकीं १८१७ सालीं बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ हें जहाज इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरांत जपून ठेवलेलें आजहि पाहावयास मिळतें. पुढें वाफेचें एंजिन आलें, आणि बापानें मुलास शिकवावयाची लांकूडकामाची विद्या एकटी पुरेनाशी झाली. तेव्हां १८३८ सालीं जहांगीर नौरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे त्याच घराण्यांतील दोघे तरुण इंग्लंडास गेले व चॅटम येथील सरकारी गोदींत राहून जहाजबांधणीचें नवें शास्त्र शिकले. त्यांच्या मागोमाग अर्देशीर कर्सेटजी गेले. त्यांनीं वाफेच्या एंजिनांचा अभ्यास केला, आणि १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपल्या सभासदांत घेतलें. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. परत आल्यावर मुंबईच्या सरकारी एंजिन-कारखान्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

या उदाहरणांत ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट ही कीं, हे तरुण रिकाम्या हातांनीं गेले नव्हते. जहाज म्हणजे काय, लांकूड कोठें वळतें व कोठें मोडतें, हें त्यांस जाण्यापूर्वींच ठाऊक होतें. त्यामुळें नवें काय आहे तें त्यांस लगेच ओळखतां आलें. ज्यास घरची विद्या नाहीं त्यास परदेशांतलें सारेंच नवें वाटतें, आणि सारेंच नवें वाटलें कीं कशाचीच निवड होत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, त्यांच्या परतण्याची वाट पाहणारी गोदी मुंबईस उभी होती.

आतां सोलापुराकडे वळूं. मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकारानें १८७७ च्या सुमारास येथें पहिली कापडगिरणी सुरू झाली. जुनी गिरणी म्हणून तिचें नांव पुढें सर्वतोमुखीं झालें. त्या काळच्या गिरण्यांचीं यंत्रें विलायतेहून येत आणि तीं उभीं करून देणारे कारागीरहि बहुधा तिकडचेच असत. १८८७ सालीं मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तेव्हांपासून कापडाच्या धंद्यांत शिकलेलीं एतद्देशीय माणसें मिळूं लागलीं. यंत्र विकत घेणें व तें चालविणें ही पहिली पायरी सोलापूरनें लवकर गांठली. पुढच्या पायरीचा, म्हणजे यंत्र स्वतः घडविण्याचा, ध्यास घेणारीं दोन माणसें योगायोगानें सोलापुरांतच जन्मलीं: १८८२ सालीं वालचंद हिराचंद व १९०३ सालीं शंतनुराव किर्लोस्कर.

परकी विद्या आणण्याचे दोन मार्ग असतात. गुरूस घरीं आणावें किंवा शिष्यास गुरुगृहीं पाठवावें. वालचंदांनीं १९४० सालीं बंगळूर येथें हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना काढला, तेव्हां पहिला मार्ग धरला. अमेरिकेहून जाणते इंजिनियर आणले आणि आपल्या माणसांस त्यांच्या हाताखालीं कामास लावलें. १९४१ सालीं तेथें जुळविलेलें पहिलें विमान आकाशांत उडालें. युद्धाच्या धांदलींत वेळ थोडा होता, म्हणून तो मार्ग योग्यच होता.

किर्लोस्करांनीं दुसरा मार्ग धरला. लक्ष्मणराव किर्लोस्कर स्वतः कधीं परदेशीं शिकावयास गेले नाहींत. १८८८ सालीं बेळगांवास सायकलींच्या दुकानापासून त्यांनीं आरंभ केला. परदेशी मासिकें व यंत्रांचे सूचीग्रंथ हेच त्यांचे गुरु. १९०३ सालीं त्यांनीं लोखंडी नांगर केला. लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळें गिऱ्हाईक मिळावयास फार वाट पाहावी लागली. १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडलच्या माळावर कारखाना हलवून त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. सूचीग्रंथांतून काय शिकतां येतें व काय येत नाहीं, हें एवढ्या अनुभवानंतर त्यांच्याइतकें कोणास कळणार? म्हणूनच त्यांनीं १९२२ सालीं आपल्या मुलास, शंतनुरावांस, अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत पाठविलें. ‘मन आणि हात’ हें त्या संस्थेचें ब्रीद आहे. तेथील विजेच्या शाखेंतील कांहीं विद्यार्थ्यांनीं आळीपाळीनें वर्गांत व जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यांत शिकावें, अशी व्यवस्था १९१७ पासून सुरू झालेली होती. शंतनुरावांनीं १९२६ सालीं यंत्रशास्त्राची पदवी घेतली आणि ते थेट किर्लोस्करवाडीच्या माळावर परत आले. पुढें १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी निघाली आणि शेतावरच्या विहिरींवर तिचीं डीझेल एंजिनें धडधडूं लागलीं. वाडियांच्या गोष्टींतील दोन्ही खुणा येथेंहि दिसतात: कारखान्याच्या छायेंत वाढलेला मुलगा गेला, आणि त्याची वाट पाहणारा कारखाना मागें होता.

मग अशा माणसानें परदेशच्या कारखान्यांत नेमकें शिकावें काय? तीन गोष्टी मुख्य आहेत. पहिली माप, दुसरी पारख, आणि तिसरी दोष सांगण्याची शिस्त.

मापाचें महत्त्व नकाशा वाचतांना कळतें. शाळेंत विद्यार्थी शिकतो कीं दांडा चाळीस मिलिमीटर जाडीचा हवा. कारखान्यांत त्यास कळतें कीं नुसत्या चाळीस या आंकड्यास कांहीं अर्थ नाहीं. अगदीं बिनचूक चाळीस असा दांडा जगांत कोणासहि करतां येत नाहीं. चाळिसाहून किती कमी व किती अधिक चालेल, हें उणें-अधिक ठरविणें हेंच खरें शास्त्र. तें नीट ठरलें, तर पुण्याचा दांडा कोईमतुरच्या भोंकांत कानस न लावतां बसतो. तें ठरलें नाहीं, तर शेजारच्या टेबलावरचाहि बसत नाहीं. स्वीडनमधील कार्ल एडवर्ड योहान्सन या हत्यारकारागिरानें १८९६ च्या सुमारास पोलादी मापठोकळ्यांचा संच कल्पिला. त्या ठोकळ्यांचे पृष्ठभाग इतके सपाट कीं, एकावर एक सरकविले तर ते चिकटून बसतात, आणि थोड्या ठोकळ्यांच्या जुळणीनें हजारों निरनिराळीं मापें तयार होतात. मोटारींचे सुटे भाग लाखांनीं करतां येऊं लागले, त्याच्या मुळाशीं अशा ठोकळ्यांचा आधार आहे.

परंतु हेंच माप सोलापुरास आणतांना काय होतें पाहा. जगांत मापनासाठीं वीस अंश सेंटिग्रेड हें उष्णमान प्रमाण मानलेलें आहे. शंभर मिलिमीटर लांबीचा पोलादाचा तुकडा उष्णमान एक अंशानें वाढलें असतां मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून किंचित् अधिक लांबतो. सोलापुरास वैशाखांत बेचाळीस अंश उष्णमान असतें. म्हणजे तोच तुकडा प्रमाण लांबीपेक्षां सुमारें पंचवीस हजारांश मिलिमीटरनें लांब भरेल. माणसाचा केस सुमारें सत्तर हजारांश जाड असतो, हें लक्षांत घेतलें तर पंचवीस हजारांश ही क्षुल्लक बाब वाटेल. पण जेथें दहा हजारांशांचें उणें-अधिक ठरलेलें आहे, तेथें सारा माल बाद होईल. मोजावयाची वस्तु व मोजण्याचा ठोकळा दोन्ही पोलादी असून सारखींच तापलेलीं असलीं, तर चूक पुष्कळशी कापली जाते. पण वस्तु अल्युमिनियमची असेल, तर ती पोलादाच्या सुमारें दुप्पट पसरते, आणि तेथें फसगत होते. म्हणून मापनाची खोली थंड ठेवावी लागते, आणि यंत्रावरून काढलेला गरम तुकडा मोजण्यापूर्वीं तेथें निवूं द्यावा लागतो. थंड देशांत शिकणाऱ्या उमेदवारास ही अडचण फारशी जाणवत नाहीं. तेथली रीत जशीच्या तशी उचलून चालत नाहीं. त्या रीतीमागचें कारण शिकून यावें लागतें.

दुसरी गोष्ट पारखेची. यासाठीं ओतशाळेचें, म्हणजे फाउंड्रीचें, उदाहरण घ्यावें, कारण सोलापुराशीं त्याचा जवळचा संबंध आहे. मोटारीच्या एंजिनांत कॅमशाफ्ट नांवाचा एक दांडा असतो. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला कीं हे उंचवटे झडपा उघडतात, आणि त्यांतून हवा व इंधन आंत येतें व जळका वायु बाहेर जातो. एंजिन मिनिटास तीन हजार फेरे करीत असेल, तर हा दांडा त्याच्या निम्मे, म्हणजे दीड हजार फेरे करतो. अर्थात् प्रत्येक उंचवटा सेकंदास पंचवीस वेळां झडप दाबतो. एवढ्या घर्षणांत तो झिजूं नये म्हणून त्याचा पृष्ठभाग अत्यंत कठीण हवा. उलट दांडा आंतून तसाच कठीण झाला, तर तो कांचेसारखा ठिसूळ होऊन मोडेल. एकाच तुकड्यांत कठीणपणा व चिवटपणा कसा आणावयाचा?

यासाठीं एक जुनी युक्ति आहे. वाळूच्या सांच्यांत, जेथें उंचवटे यावयाचे तेथें, लोखंडी ठोकळे बसवितात. रस ओतला कीं वाळूजवळचा भाग हळूहळू थिजतो. त्यांतील कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपानें वेगळा होतो, आणि लोखंड करडें व यंत्रावर कापण्यास सोपें राहतें. ठोकळ्याजवळचा भाग मात्र झटक्यांत थंड होतो. तेथें कार्बनास वेगळें व्हावयास सवड मिळत नाहीं, तो लोखंडाशीं संयुक्त राहतो, आणि पांढरें, कमालीचें कठीण बीड तयार होतें. अमेरिकेंत जेम्स ऑलिव्हर यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत याच तत्त्वावर नांगर करून मोठा धंदा उभारला होता. नांगर आणि मोटार यांच्यामध्यें अंतर दिसतें तेवढें नाहीं. सोलापुरांत १९९२ सालीं स्थापन झालेला प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हा कारखाना हेच दांडे करून देशोदेशींच्या मोटार-कारखान्यांस पुरवूं लागला, आणि २०१७ ते २०१८ च्या दरम्यान त्यानें युरोपांतील उद्योगांतहि भागभांडवल घेतलें.

आतां पुस्तकांत एवढें सारें लिहिलेलें असतें. पण रसांत कार्बन व सिलिकॉन यांचें प्रमाण थोडें हललें, रस थोडा अधिक किंवा कमी तापला, तर पांढऱ्या थराची जाडी बदलते. म्हणून ओतारी ओतण्यापूर्वीं पाचरीच्या आकाराचा एक लहान तुकडा ओतून पाहतो. तो थिजला कीं मोडतो, आणि मोडलेल्या तोंडावर टोंकाकडून किती भाग पांढरा आहे तें मोजतो. त्यावरून भट्टींतला रस आज कसा वागेल हें त्यास कळतें. ही परीक्षा लिहून सांगण्यास दोन ओळी पुरतात. पण पांढरें कोठें संपलें व करडें कोठें सुरू झालें हें डोळ्यास दिसूं लागण्यास शेंकडों तुकडे मोडावे लागतात, तेहि जाणता माणूस शेजारीं उभा असतां. यासच पारख म्हणतात. परदेशच्या कारखान्यांत ज्या उमेदवारास असे शंभर तुकडे स्वतः मोडूं दिले, त्याचा प्रवासखर्च वसूल झाला. ज्यानें कांचेआडून भट्टी पाहिली व छायाचित्र काढलें, त्यानें सहल केली.

तिसरी गोष्ट दोष सांगण्याच्या शिस्तीची. तिची कथा मागाची असल्यामुळें विणकरांच्या या शहरास ती विशेष रुचावी. जपानांत साकिची टोयोडा नांवाचा एक सुताराचा मुलगा मागांत सुधारणा करण्याच्या छंदानें झपाटलेला होता. त्याचा मुलगा किइचिरो टोकियोच्या विद्यापीठांत यंत्रशास्त्र शिकला आणि १९२१ सालीं अमेरिका व युरोपच्या प्रवासास निघाला. त्या प्रवासांत तो इंग्लंडांतील ओल्डम येथें प्लॅट ब्रदर्स या जगप्रसिद्ध सूतयंत्रें करणाऱ्या कारखान्यांत जाऊन राहिला आणि तेथील कामाचा त्यानें जवळून अभ्यास केला. परत गेल्यावर बापलेकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९२४ सालीं असा स्वयंचलित माग पुरा केला कीं, धोट्यांतील कांडी संपत आली असतां माग न थांबतां धोटा आपोआप बदलला जाई, आणि ताण्याचा धागा तुटला कीं माग आपोआप थांबे. १९२९ सालीं त्या मागाचे हक्क एक लाख पौंडांस विकत घेण्याचा करार कोणी केला? ओल्डमच्याच प्लॅट ब्रदर्सनें! जेथें शिष्य म्हणून पाय ठेवला, तेथेंच सात-आठ वर्षांत गुरूस देण्याजोगें कांहीं निर्माण झालें. याच घराण्यानें पुढें मोटारींचा कारखाना काढला, आणि १९९७ सालीं कर्नाटकांत बिडदी येथें किर्लोस्करांच्या भागीदारींत भारतांतहि तो आणला.

या मागाचें मर्म असें कीं, दोष दिसतांच थांबावें. धागा तुटल्यावरहि माग चालत राहिला, तर वार गणिक कापड वाढतें खरें, पण तें सारें दोषी कापड असतें. हेंच तत्त्व टोयोटाच्या मोटार-कारखान्यांत माणसांस लागू केलें आहे. कामाच्या रांगेंतील साध्या कामगारासहि चूक दिसली तर दोरी ओढून इशारा देण्याचा अधिकार आहे, आणि ती वेळेंत सुधारली नाहीं तर रांग थांबते. दोरी विकत घेण्यास फारसा खर्च येत नाहीं. ती ओढणाऱ्यास कोणी रागावत नाहीं, हा विश्वास मात्र विकत मिळत नाहीं. आपल्याकडे धाकट्यानें वडिलांची व हाताखालच्यानें साहेबांची चूक दाखवूं नये, ही रीत घरापासून अंगवळणीं पडलेली असते. तिच्यांतील आदर ठेवून भीति तेवढी काढणें, हें परदेशांतून आणण्याजोगें सर्वांत मोलाचें आणि रुजविण्यास सर्वांत अवघड असें बियाणें आहे.

येथवर चांगल्या बाजूचा विचार झाला. दुसरी बाजूहि स्पष्टपणें सांगितली पाहिजे. उमेदवारीच्या नांवाखालीं स्वस्त मजूर मिळविण्याची खोड जगांत जुनीच आहे. जपान सरकारनें १९९३ सालीं विकसनशील देशांतील तरुणांस कौशल्य शिकविण्याच्या उद्देशानें एक योजना सुरू केली. भारतानेंहि २०१७ सालीं तींत सहकार्याचा करार केला. योजनेचा हेतु चांगला होता, परंतु अनेक ठिकाणीं अल्प वेतन, फार तास काम व मालक बदलण्याची मुभा नसणें, अशा तक्रारी वर्षानुवर्षें होत राहिल्या. शेवटीं २०२४ सालीं तेथील संसदेनें ती योजना मोडून तिच्या जागीं नवी व्यवस्था आणण्याचा कायदा संमत केला. एकाच खोक्याचें झांकण वर्षभर लावीत बसणें यास शिकणें म्हणत नाहींत, मग तो खोका कितीहि पुढारलेल्या देशांतला असो.

याच्या उलट उदाहरण दुसऱ्या महायुद्धांतलें आहे. इंग्लंडचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या योजनेखालीं १९४१ पासून भारतांतील तरुण कारागिरांच्या तुकड्या विलायतेस नेण्यांत आल्या. त्यांस आधीं शिक्षणकेंद्रांत व मग प्रत्यक्ष कारखान्यांत शिकविलें जाई. युद्धाच्या गरजेपोटीं ही योजना निघाली हें खरें. तरी तींतील दोन तत्त्वें आजहि घेण्याजोगीं आहेत. एक तर केवळ पदवीधर नव्हे, तर हातानें काम करणारा कारागीरहि शिकावयास पाठविला गेला. आणि दुसरें, आधीं शिक्षण व मग उत्पादन असा क्रम ठरलेला होता.

तेव्हां मुलास किंवा मुलीस परदेशीं धाडणाऱ्या गृहस्थांनीं भाड्याची व पगाराची चौकशी करण्याआधीं चार प्रश्न विचारावेत. कोणत्या महिन्यांत कोणत्या विभागांत काय शिकविणार, हें लेखी मिळालें आहे काय? कोणा जाणत्या माणसाच्या हाताखालीं उमेदवार राहील, त्याचें नांव ठरलें आहे काय? यंत्रास हात लावूं देणार, कीं नुसतें पाहूं देणार? अपघात झाल्यास विम्याची व औषधोपचाराची जबाबदारी कोणाची? या प्रश्नांस जो कारखाना स्पष्ट उत्तरें देतो, तोच शिकवूं इच्छितो असें समजावें.

उमेदवारानेंहि जाण्यापूर्वीं आपल्या गांवच्या एखाद्या ओतशाळेंत किंवा लेथच्या दुकानांत दोन महिने हात काळे करून घ्यावेत. नाहीं तर परदेशांतील वेळेचा पहिला तृतीयांश हिस्सा कानस धरावयास शिकण्यांतच जाईल. तिकडे गेल्यावर रोजनिशी लिहावी. जर्मनींत उमेदवारांनीं आपल्या शिक्षणाची नोंदवही ठेवण्याची पद्धतच आहे. आज काय केलें, काय बिघडलें, कां बिघडलें, आणि जाणत्यानें तें कसें सुधारलें, या चार ओळी रोज लिहिल्या तर वर्षअखेर त्या वहीइतकें दुसरें पुस्तक त्यास सांपडणार नाहीं. मात्र कारखान्याचें जें गुपित आहे, तें तेथेंच ठेवावें. इंग्लंडनें सूतयंत्रांवर व कारागिरांवर देश सोडण्याची बंदी घातली असतां सॅम्युएल स्लेटर हा १७८९ सालीं तीं यंत्रें डोक्यांत साठवून अमेरिकेस निघून गेला, ही कथा रंजक असली तरी आजच्या उमेदवारानें ती गिरवूं नये. विश्वासानें दार उघडणाऱ्याचा विश्वास मोडला, तर मागून येणाऱ्या दहा जणांसाठीं तें दार बंद होतें.

आतां उरला प्रश्न परतण्याचा. तो केवळ उमेदवाराचा नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सोलापूरच्या जुन्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्याचीं कारणें अनेक होतीं. परंतु दुसऱ्यानें घडविलेल्या यंत्रावर पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्या शहराचें सामर्थ्य त्या यंत्राच्या आयुष्याइतकेंच असतें, एवढा धडा त्यांतून घेतां येतो. मागावरचे कुशल हात येथें होतेच. त्या हातांचें ज्ञान मागाच्या नव्या आराखड्यापर्यंत नेणारी वाट तेवढी नव्हती. किइचिरोस ती वाट बापाच्या कार्यशाळेनें दिली, शंतनुरावांस ती किर्लोस्करवाडीनें दिली. आज परतणाऱ्या उमेदवारास ती वाट देणें हें येथील कारखानदारांचें काम आहे. जो तरुण वर्षभर परदेशांत दोष मोजून आला, त्यास येथें आल्यावर हजेरीपट लिहावयास बसविलें, तर तो पुन्हां जहाजाचें तिकीट काढील, आणि त्यास दोष देतां येणार नाहीं. उलट त्यास एक यंत्र, दोन कारागीर व चुकण्यासाठीं थोडें लोखंड दिलें, तर त्याच्या शिक्षणाचें व्याज साऱ्या गांवास मिळेल.

तात्पर्य, परदेशच्या उमेदवारीचें फळ परदेशांत दिसत नाहीं. तें पाहावयाचें असेल तर परतल्यानंतर पांच वर्षांनीं, त्या माणसाच्या हाताखालीं किती जण माप घ्यावयास, पारख करावयास आणि आपली चूक निर्भयपणें सांगावयास शिकले, हें मोजावें. एक शिकून आला आणि दहा तयार झाले, तर मोडलेला दागिना घरांत परत आला असें खुशाल समजावें.